तोंडीलावणे आणि भाकरी : मधुमेहाच्या ताटाचा इतिहास

१/
मराठीत भाजी, आमटी, चटणी, लोणचे या साऱ्यांसाठी मिळून एक शब्द आहे : तोंडीलावणे. देशावरच्या खेड्यांत त्यालाच कोरड्यास किंवा कालवण म्हणतात. या शब्दांतच जेवणाची रचना दडलेली आहे. जेवण म्हणजे भाकरी किंवा भात. बाकीचे पदार्थ तो घास घशाखाली उतरावा म्हणून. मधुमेहासाठी आज सांगितला जाणारा कमी कर्बोदकांचा आहार नेमकी हीच रचना उलटी करू पाहतो.

२/
पुण्याच्या नैर्ऋत्येला मुठेच्या काठी वसलेले वारजे हे एके काळचे हवेली तालुक्यातील गाव. १९९७ साली ते महापालिकेच्या हद्दीत आले. शेते आणि माळ यांच्या जागी महामार्गालगत इमारती उभ्या राहिल्या. अशा उपनगरांतील कितीतरी घरांत आज कोणाला तरी 'शुगर' असते, आणि डॉक्टरांच्या कागदावर लिहिलेले असते : भात कमी, पोळ्या कमी, उसळी आणि भाज्या जास्त.

३/
त्यावर घरोघरी एक प्रश्न हमखास निघतो : "आजोबा तर एका वेळी चार भाकऱ्या खायचे, त्यांना कुठे मधुमेह झाला?" प्रश्न साधा वाटला तरी त्याच्या उत्तरात दुष्काळ आहे, रेशन आहे, मजुरी आहे आणि पुण्यातच झालेले एक जगप्रसिद्ध संशोधनही आहे. हा धागा त्या प्रश्नाचा.

४/
प्रथम हे स्पष्ट करावे लागेल, की हा रोग नवा नाही. चरकसंहितेत प्रमेहाची कारणे म्हणून बैठे सुख, झोपेचे सुख, दही, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांचा उल्लेख येतो. रुग्णासाठी जव हे प्रमुख अन्न सांगितले आहे. सुश्रुतसंहिता प्रमेहाचे दोन प्रकार मानते : जन्मजात आणि अपथ्याने झालेला. निर्धन रुग्णाने शंभर योजने पायी चालावे किंवा विहीर खणावी, असेही तीत सुचवले आहे.

५/
म्हणजे आहार आणि श्रम यांचा या रोगाशी असलेला संबंध जुन्या वैद्यांना ठाऊक होता. मात्र जव हेही धान्यच. धान्यच ताटातून दूर करण्याचा विचार ठळकपणे पुढे आला तो युरोपात. ब्रिटिश सैन्यातील वैद्य जॉन रोलो यांनी १७९७ साली कॅप्टन मेरेडिथ या मधुमेही अधिकाऱ्याची हकिगत प्रसिद्ध केली. धान्य व भाज्या जवळजवळ बंद करून त्याला मांसाहारावर ठेवले होते.

६/
पुढे १८७०-७१ मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला आणि शहरात अन्नाची टंचाई झाली. त्या काळात आपल्या मधुमेही रुग्णांच्या लघवीतील साखर नाहीशी होत असल्याचे अपोलिनेर बूशार्दा या फ्रेंच वैद्याच्या लक्षात आले. ज्या उपासमारीने शहर हैराण झाले होते, तिच्यातच त्याला उपचाराची दिशा दिसली.

७/
विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन यांनी हा मार्ग टोकाला नेला. त्यांचे रुग्ण, त्यांत लहान मुलेही होती, अक्षरशः उपाशी राहून दिवस काढत. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचले गेले आणि या युगाचा शेवट झाला. ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, त्यांच्यासाठी आहार हा इन्सुलिनला पर्याय नाही, हे तेव्हापासून पक्के झाले.

८/
आता पुण्याकडे. एकोणिसाव्या शतकातील पुणे जिल्ह्यात पश्चिमेचे मावळ भात, नाचणी आणि वरई पिकवी. पूर्वेचा कोरडा देश बाजरी आणि ज्वारी. वारजे या दोन पट्ट्यांच्या सीमेवर येते. बलुतेदाराचे बलुते धान्यात, शेतमजुराची मजुरीही बहुधा धान्यात. 'भाकरी' या शब्दाला उपजीविकेचा अर्थ आला तो यातूनच.

९/
या ताटाचे सर्वांत कठोर मोजमाप १८७६-७८ च्या दुष्काळात झाले. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी खाली आणली. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामे सोडली. १८७० साली स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने दुष्काळग्रस्तांची बाजू सरकारपुढे मांडली.

१०/
तिकडे मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त कॉर्निश यांनी या मजुरीला आणखी एका कारणाने विरोध केला. नुसत्या धान्यावर राबणारे शरीर टिकत नाही, धान्य वाढवावे आणि सोबत डाळ व भाज्याही हव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. तोंडीलावणे ही चैन नसून गरज आहे, हा वाद दीडशे वर्षांपूर्वीच सरकारी कागदांत झाला होता.

११/
एक साधे गणित. ज्वारी, बाजरी किंवा गहू यांच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ६० ते ७० ग्रॅम कर्बोदके असतात. तांदळात आणखी थोडी जास्त. एक पौंड म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम. म्हणजे टेंपल यांच्या मजुरीतही दिवसाला जवळपास ३०० ग्रॅम कर्बोदके होती. आज १३० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर आहाराला 'कमी कर्बोदकांचा' म्हणतात. भुकेचे ताट हे कर्बोदकांचेच ताट होते.

१२/
विसाव्या शतकात धान्य बदलले, रचना तीच राहिली. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, मुंबईत रेशनिंग सुरू झाले. पुढे अमेरिकेच्या १९५४ च्या पीएल ४८० कायद्याखाली गहू आला आणि टंचाईच्या वर्षांत लाल मिलोही. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडत होती. त्या कामांवर वाटलेली सुकडी आणि मिलोची भाकरी त्या पिढीच्या आजही स्मरणात आहे. रोजगार हमी योजना त्याच काळातली.

१३/
२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातील प्रत्येक व्यक्तीला महिन्याला ५ किलो धान्याचा हक्क दिला. दिवसाला ते सुमारे १६७ ग्रॅम भरते. भूक हटवण्यासाठी हा हक्क मोलाचा आहे. परंतु तो तांदूळ, गहू आणि भरडधान्य यांचा आहे. डाळीचा, अंड्यांचा, भाजीचा नाही. केवळ या धान्यातूनच ११० ते १३० ग्रॅम कर्बोदके मिळतात.

१४/
म्हणजे आजोबांचे ताटही कर्बोदकांनीच भरलेले होते. मग त्यांना मधुमेह का झाला नाही? पहिले कारण श्रम. नांगर, मोट, खडी, ओझी यांत त्या भाकऱ्या जळून जात. दुसरे कारण आयुर्मान. स्वातंत्र्याच्या वेळी भारतीयांचे सरासरी आयुष्य सुमारे ३२ वर्षे होते आणि रक्त तपासण्याची सोय फार थोड्यांना होती. ज्यांना मधुमेह झाला, त्यांतील अनेकांना तो कळलाही नसेल.

१५/
तिसरे कारण पुण्यात सापडले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. या स्त्रियांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. त्यांची पूर्ण दिवसांची बाळे सरासरी २.७ किलोच्या आसपास भरली. इंग्लंडमधील साउदम्प्टनची बाळे ३.५ किलोची.

१६/
बाळे लहान होती, पण सर्व बाजूंनी सारखी लहान नव्हती. स्नायू कमी होते, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. 'बारीक पण चरबीयुक्त' असे हे भारतीय बाळ जगाच्या वैद्यकीय चर्चेत आले. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि ब्रिटिश प्राध्यापक जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले गेले. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के.

१७/
वारज्यातील एखादा सडपातळ माणूस "मी काही जाडा नाही" असे म्हणत असताना त्याच्या अहवालात साखर का निघते, याचा धागा इथे मिळतो. अशी साक्ष नेदरलँड्समध्येही आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तेथे दुष्काळ पडला. त्या वेळी आईच्या पोटात असलेल्या व्यक्तींमध्ये पुढे पन्नाशीत साखर हाताळण्याची क्षमता कमी आढळली. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात जन्मलेली पिढी आज पन्नाशी ओलांडून गेली आहे.

१८/
पुण्याच्या अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष या विषयाच्या मुळाशी जातो. आईने एकूण किती ऊर्जा घेतली यापेक्षा तिच्या जेवणात पालेभाज्या, फळे आणि दूध किती वेळा आले, याचा बाळाच्या वाढीशी अधिक संबंध दिसला. म्हणजे पुन्हा तोंडीलावणेच. आणि घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला नेमके तेच कमी येई : भाकरी उरे, कालवण सरलेले असे.

१९/
आता आजचा वाद : गहू सोडून ज्वारी खावी का? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह सर्वेक्षणाने २०२३ साली भारतात १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज दिला. याच सर्वेक्षणानुसार भारतीयांच्या आहारातील ६० टक्क्यांहून अधिक ऊर्जा कर्बोदकांतून येते. एकूण प्रमाण तेच ठेवून तांदळाऐवजी गहू किंवा भरडधान्याचे पीठ वापरल्याने धोका कमी झालेला दिसला नाही. ज्वारीत तंतू असतात, पोट भरल्याचे समाधान असते. तरीही चार भाकऱ्या त्या चारच.

२०/
महाराष्ट्रात या चर्चेला वेगळे वळण मिळाले ते 'दोन वेळा जेवा' या चळवळीने. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला विचार डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी व्याख्यानांतून घरोघरी पोहोचवला : दिवसातून दोनदा जेवण, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत, मधल्या वेळी काही नाही आणि सोबत चालणे. यात भर 'किती वेळा' यावर आहे. कमी कर्बोदकांच्या आहारात तो 'काय आणि किती' यावर असतो. दोन्ही गोष्टी एक नव्हेत.

२१/
उलटे केलेले मराठी ताट कसे दिसते? मटकीची किंवा मुगाची दाट उसळ वाटीभर नव्हे, तर ताटभर. मेथी, शेपू, चाकवत, अंबाडी यांतील एखादी पालेभाजी. काकडीची कोशिंबीर, दही किंवा ताक, शेंगदाण्याची चटणी, अंडे किंवा मासा. आणि कडेला एक लहान भाकरी. यातील एकही पदार्थ परका नाही. बदलली आहेत ती प्रमाणे. उपवासाचे ताट मात्र फसवे : साबूदाणा आणि बटाटा हा जवळजवळ निव्वळ पिष्टाचाच फराळ.

२२/
दोन इशारे आवश्यक आहेत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना भाकरी-भात एकदम तोडल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते; औषधाचे प्रमाण डॉक्टरांनीच बदलायचे असते. दुसरा इशारा खर्चाचा. धान्य मोफत मिळते; डाळ, अंडी, भाजी, पनीर विकत घ्यावे लागते. इमारतीत राहणाऱ्याला हे ताट परवडते. त्याच इमारतीत धुणीभांडी करणाऱ्या बाईलाही मधुमेह असू शकतो, आणि तिच्या पिशवीत रेशनचा तांदूळ असतो.

२३/
म्हणून 'परंपरेकडे परत चला' हे या रोगाचे पुरते उत्तर होत नाही. महाराष्ट्राची बहुसंख्य परंपरा टंचाईची होती आणि तिचे ताट टंचाईनेच रचले होते. कॉर्निश यांनी सरकारकडे मागितलेली डाळ आणि भाजी, आणि त्या सहा गावांतील आयांना हवे असलेले दूध व पालेभाज्या, या एकाच हिशेबाच्या नोंदी आहेत. मधुमेहाचा आहार घरातल्या एकट्या रुग्णाचा प्रश्न वाटतो; त्याचा बराचसा भाग धान्याच्या धोरणाचा आणि घरात कोण आधी जेवते याचा आहे.

२४/
वाचकांसाठी एक काम. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला विचारा : बहात्तरच्या दुष्काळात भाकरीबरोबर काय असायचे, आणि घरात शेवटी कोण जेवायचे? उत्तरे गावाच्या आणि तालुक्याच्या नावासह या धाग्याखाली नोंदवा. अशा आठवणी गॅझेटियरमध्ये सापडत नाहीत, आणि त्या सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.