फ्रांस्वा पिरार आणि गोव्याचे राजरुग्णालय

परकीय रुग्णाची साक्ष इतिहासात कितपत प्रमाण मानावी, हा प्रश्न गोव्याच्या पोर्तुगीज राजरुग्णालयाच्या बाबतीत विशेषेकरून उपस्थित होतो. या संस्थेचे तपशीलवार वर्णन फ्रांस्वा पिरार या फ्रेंच प्रवाशाच्या १६११ मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तात आढळते. १६०२ मध्ये त्याचे जहाज मालदीव बेटांजवळ फुटले व सुमारे पाच वर्षे त्याला तेथे अडकून पडावे लागले. पुढे मलबार किनाऱ्यावर तो पोर्तुगिजांच्या हाती सापडला आणि १६०८ मध्ये रुग्णावस्थेतच कैदी म्हणून गोव्यास आणला गेला.

जगात याहून उत्तम रुग्णालय नसावे, असा पिरारचा अभिप्राय आहे. लाखेचा रंग दिलेले पलंग, स्वच्छ वस्त्रे, चांदीची भांडी, कोंबडीचे पथ्यकर आहार आणि वैद्य व शस्त्रवैद्य यांच्या नियमित फेऱ्या यांची नोंद तो बारकाईने करतो. आपल्याला बंदीत टाकणाऱ्यांची स्तुती करण्यात त्याचे काही हित नव्हते. म्हणून या नोंदीस वजन आहे.

तथापि या शुश्रूषेचा हेतू ध्यानात घेतला पाहिजे. दीर्घ सागरप्रवासाने खंगलेला पोर्तुगीज सैनिक पुन्हा उभा करणे, हे या संस्थेचे मुख्य कार्य होते. एतद्देशीयांची सोय निराळी होती. पिरार बरा होताच त्याची रवानगी तुरुंगात झाली. शुश्रूषेने त्याचे कैदीपण संपले नव्हते. त्याची सुटका झाली ती जेझुइट पाद्र्यांच्या रदबदलीने. त्यांपैकी एक, फादर टॉमस स्टीफन्स, हा १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'क्रिस्तपुराणा'चा कर्ता म्हणून मराठी अभ्यासकांस सुपरिचित आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. सतराव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत याच रुग्णालयात सुमारे २५,००० सैनिक मरण पावले, असे इतिहासकार नमूद करतात. चांदीची भांडी आणि हे मृत्यू या दोन्ही गोष्टी एकाच वास्तूतील होत. व्यवस्था उत्तम असूनही तत्कालीन वैद्यकास ज्वर व अतिसार आवरत नव्हते. पिरारचे वर्णन खोटे नव्हे. परंतु ते वाचलेल्याचे वर्णन आहे. जे वाचले नाहीत, त्यांनी प्रवासवृत्ते लिहिली नाहीत. अशा साक्षींशेजारी मृत्यूची गणना ठेवूनच त्यांचे मोल ठरविणे इष्ट होय.