न वाचणाऱ्या तबकडीचा इतिहास

नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या डोंगरात मोलगी हे गाव आहे. तेथील एका शाळेत आम्ही गेलो असता गुरुजींनी एक डबा पुढे ठेवला. त्यात सतरा सीडी होत्या. मुलांनी आपल्या आजी-आजोबांकडून ऐकलेली गाणी आणि गोष्टी त्यांवर नोंदवल्या होत्या. गुरुजी म्हणाले, "सर, विकतची सीडी या संगणकावर चालते, आम्ही भरलेली चालत नाही. दोष संगणकाचा की सीडीचा?"

उत्तरासाठी थोडे मागे जाऊ. आयबीएम कंपनीने १९७१ साली फ्लॉपी आणली. तिच्यावर चुंबकीय थर असे आणि वाचणारे टोक त्या थराला टेकत असे. १९८२ साली फिलिप्स आणि सोनी यांची सीडी बाजारात आली. तिला काहीच टेकत नाही. वाचण्याचे काम प्रकाश करतो. ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर एका बारीक भिंगातून तबकडीवर पडतो. सपाट भागावरून तो चांगला परत येतो, खळग्यावरून मंद. या बदलांतून संगणक माहिती ओळखतो. खळग्यांच्या शेजारशेजारच्या ओळींत अंतर अवघे १.६ मायक्रोमीटर. ही सर्पिल ओळ सरळ केली तर ५ किलोमीटरहून लांब भरेल!

मग एखादा ओरखडा पडला तर? येथे गणित मदतीला येते. रीड आणि सॉलोमन या गणितज्ञांनी १९६० साली मांडलेल्या पद्धतीने माहितीसोबत जादा अंक लिहितात. काही अंक गेले तरी उरलेल्यांवरून ते शोधता येतात. मात्र ओळीच्या दिशेने गेलेला लांब ओरखडा सलग बरेच अंक खातो. म्हणूनच सीडी गोल गोल न पुसता मध्यापासून कडेकडे पुसावी.

आता गुरुजींचा प्रश्न. विकतच्या सीडीत खळगे ठशाने उमटवलेले असतात. घरी भरायच्या सीडीत खळगे नसतात. लेसरने रंगद्रव्याच्या थरावर खुणा केलेल्या असतात. तिच्यावरून प्रकाश थोडा कमी परत येतो. भिंगावर धूळ बसली किंवा लेसर क्षीण झाला, की आधी हीच सीडी वाचता येईनाशी होते. म्हणजे संशय प्रथम ड्राइव्हवर. खात्रीसाठी आम्ही त्याच सीडी दुसऱ्या, चांगल्या ड्राइव्हमध्ये घातल्या. चौदा वाचल्या गेल्या. तीन कोठेच वाचल्या गेल्या नाहीत. त्या खिडकीत उन्हात राहिल्या होत्या. उन्हाने रंगद्रव्य बिघडते. दोष दोन्हीकडे होता. वीज तोडून, अल्कोहोलने ओलावलेल्या बोळ्याने भिंग हलकेच पुसल्यावर शाळेच्या ड्राइव्हनेही काही सीडी वाचल्या. ती तीन सीडींवरची गाणी मात्र गेली.

अशी वेळ मोठ्यांवरही आली आहे. इंग्लंडमध्ये १०८६ साली जमीनजुमल्याची मोठी नोंदवही तयार झाली. तिचे नाव डूम्सडे बुक. तिला ९०० वर्षे झाली तेव्हा, १९८६ साली, बीबीसीने हजारो शाळांच्या मदतीने देशाची नवी नोंद लेसरच्या मोठ्या तबकड्यांवर केली. त्या वाचायला खास यंत्र आणि बीबीसीचा संगणक लागे. त्याच घराण्याचे संगणक १९८४ पासून 'क्लास' योजनेत आपल्या शाळांतही आले होते. पुढे ती यंत्रे दुर्मीळ झाली आणि सोळा वर्षांतच तबकड्या निरुपयोगी ठरू लागल्या. अखेर २००२ साली संशोधकांनी जुन्या संगणकाची नक्कल करणारी आज्ञावली लिहून ती माहिती सोडवली. चामड्याच्या पानांवरची मूळ वही मात्र आजही वाचता येते.

आज नव्या संगणकांत बहुधा सीडी ड्राइव्हच नसतो. आपल्या शाळेच्या कपाटात अशा तबकड्या असतील तर बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मिळवून या सुट्टीतच त्यांच्या प्रती करा. एक प्रत शाळेत, एक दुसऱ्या गावी ठेवा. दर काही वर्षांनी त्या नव्या साधनावर उतरवा. आणि गाण्यांचे शब्द मुलांकडून वहीतही लिहून घ्या. मोलगीच्या गुरुजींनी त्याच संध्याकाळी वही काढली. हरवलेली गाणी ज्यांना अजून पाठ आहेत, त्या आजींची नावे त्यांनी पहिल्या पानावर लिहिली.