मीटरच्या आत बसलेलं घड्याळ



विजेचं बिल आलं की आपण दोन गोष्टी बघतो: युनिट किती आणि रुपये किती. आता तिसरीही बघावी लागणार आहे, ती म्हणजे वीज कोणत्या वेळेला वापरली. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली. स्मार्ट मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांनाही १ एप्रिल २०२५ पासून वेळेनुसार दर लावावा आणि दिवसा उन्हाच्या तासांत तो नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी असावा, असं त्यात ठरलं. आपल्या सोसायट्यांमधून आता याचीच चर्चा चालते.

आपल्याला हे नवं आहे. ब्रिटनमधल्या घरांनी मात्र याची निम्मं शतक सवय करून घेतली आहे आणि त्यातल्या अडचणीही भोगल्या आहेत. आपल्या कितीतरी मुली-सुना तिकडे संसार करतात, म्हणून तिकडचा इतिहास आज सांगते.

दर वेळेवर का ठरतो?

जॉन हॉपकिन्सन नावाच्या इंग्रज अभियंत्याने १८९२ साली एका भाषणात विजेच्या खर्चाची फोड करून दाखवली. वीज तयार करायला कोळसा लागतो, तो खर्च जेवढी वीज तेवढा. पण यंत्रं, तारा, माणसं हे सगळं कायम तयार ठेवावं लागतं आणि तो खर्च कोणी दिवा लावो न लावो, होतच राहतो. बी.कॉम.ला कॉस्टिंगमध्ये स्थिर आणि बदलता खर्च शिकलेल्या बायकांना हे लगेच कळेल. इतरांनी तीर्थावरची भोजनशाळा आठवावी. पातेली, चुली, आचारी हे सगळं यात्रेच्या गर्दीच्या हिशेबाने ठेवायचं आणि एरवी निम्मी भांडी पालथी पडलेली. भांडी रिकामी असतात त्या दिवशी कोणी जेवायला आलं, तर फारसा जादा खर्च होत नाही.

विजेची भांडी रात्री रिकामी असतात. कारखाने बंद, माणसं झोपलेली. पण कोळशाची मोठी केंद्रं रोज रात्री विझवून सकाळी पेटवणं परवडत नाही आणि अणुकेंद्रं तर सतत चालवण्यासाठीच बांधलेली. मग रात्रीची वीज स्वस्तात दिली तर लोक ती घेतील, असा हिशेब झाला.

सात तासांची स्वस्ताई

ब्रिटनमध्ये १९५२ साली लंडनवर विषारी धुकं पसरलं, त्यात हजारो माणसं दगावली. १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला आणि शहरांत घरच्या शेगडीत धुराचा कोळसा जाळण्यावर बंधनं आली. घर ऊबदार ठेवायला दुसरं काही हवं होतं. १९६०च्या दशकात विटांचे हीटर घरोघर गेले. लोखंडी पेटीत जड विटा असतात. रात्री स्वस्त विजेवर त्या तापवायच्या आणि दिवसभर त्या हळूहळू ऊब सोडत राहतात. आपली चूल विझल्यावरही तिच्या विटा बराच वेळ गरम असतात, तसंच.

ऑक्टोबर १९७८ मध्ये 'इकॉनॉमी सेव्हन' ही योजना आली. रात्रीचे सलग सात तास स्वस्त, बाकीचे सतरा तास महाग. मीटरवर दोन आकडे, एक दिवसाचा, एक रात्रीचा. पण ते सात तास साऱ्या देशात एकच नव्हते. कुठे साडेबारा ते साडेसात, कुठे थोडे आधी, कुठे थोडे नंतर. भागाप्रमाणे, कधी मीटरप्रमाणेही वेळ वेगळी.

घड्याळ कोणाचं?

दिवसाच्या आकड्यावरून रात्रीच्या आकड्यावर मीटर जातो, तेव्हा त्याला वेळ सांगतं कोण? सुरुवातीला मीटरशेजारी एक स्वतंत्र घड्याळाची पेटी असे. वीज गेली की ते घड्याळ थोडा वेळ आतल्या स्प्रिंगवर चालायचं, ती संपली की थांबायचं. वीज परत आली की थांबलं तिथूनच पुढे. सील लावलेल्या पेटीला घरातल्या माणसाने हात लावायचा नाही, त्यामुळे अशी पेटी वर्षानुवर्षं मागे चाललेली असायची.

दुसरी भानगड उन्हाळ्याची. ब्रिटनमध्ये १९१६ पासून उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात. भिंतीवरचं घड्याळ घरातली बाई पुढे करते, पण मीटरचं कोण करणार? बहुतेक मीटर बारा महिने ग्रिनिचच्या वेळेवरच राहिले. कागदावर साडेबारा ते साडेसात लिहिलंय, पण उन्हाळ्यात भिंतीवरच्या घड्याळाने तेच तास दीड ते साडेआठ. साडेबाराला कपड्याचं मशीन लावलं, तर पहिला तासभर महाग दरानेच चालणार. आजचे तिथले स्मार्ट मीटरही आतून ग्रिनिचचीच वेळ पाळतात.

दोन घड्याळं जुळली नाहीत तर

आता पैशाची खरी गळती कुठे होते ते बघा. माझी मुलगी लेस्टरला राहते. तिच्या जुन्या घरात मीटर बदलून नवा बसवला होता, पण हीटर चालू-बंद करणारी घड्याळाची पेटी जुनीच ठेवली होती. बिल वाढलं. ती पुरवठादाराला विचारी, तिकडून उत्तर येई की थंडी जास्त आहे.

मी तेव्हा तिच्याकडे होते. दोन रात्री आम्ही वहीत नोंद केली. साडेबाराला नव्या मीटरवर रात्रीचा दर सुरू झाला, बरोबर. हीटर मात्र गप्प. जिन्याखालच्या पेटीत 'खट्' असा आवाज आला तो अडीचला आणि तेव्हा विटा तापायला लागल्या. सकाळी साडेसातला स्वस्त दर संपला, हीटर चालले साडेनऊपर्यंत. म्हणजे रोज दोन तास दिवसाच्या दराने.

हिशेब मांडला. अडीच किलोवॅटचे दोन हीटर म्हणजे पाच किलोवॅट. दोन तासांचे दहा युनिट, महिन्याचे तीनशे. कडाक्याच्या थंडीत एवढी वीज दररोज चुकीच्या खात्यावर पडत होती. मीटर खोटं बोलत नव्हता, पेटीही आपल्या घड्याळाने पूर्ण सात तासच चालत होती. दोघांची वेळ एक नव्हती, एवढंच.

दोन्ही घड्याळं सारखीच मागे असती, तर हीटरच्या खर्चात फरक पडला नसता, कारण दर आणि हीटर बरोबरच सरकले असते. म्हणून नुसतं घड्याळ चुकीचं आहे म्हणून भागत नाही, कोणतं घड्याळ कोणाशी जुळत नाही हे शोधावं लागतं. मुलीने फोटो आणि वेळांचा तक्ता जोडून लेखी अर्ज दिला. तीन आठवड्यांनी पेटी बदलून मिळाली. मागचे पैसे मिळाले नाहीत.

बातम्यांबरोबर येणारी खूण

घराघरातली घड्याळं बिघडतात, म्हणून १९८०च्या दशकात तिथे एक वेगळी युक्ती आली. बीबीसीच्या रेडिओ फोरच्या लांब लहरींच्या प्रक्षेपणातच वीजमीटरसाठीच्या खुणा मिसळल्या. ड्रॉइटविच आणि स्कॉटलंडमधल्या दोन केंद्रांवरून हे प्रक्षेपण होई. बातम्या ऐकणाऱ्याला त्या खुणा ऐकू येत नसत, पण मीटरजवळचं छोटं यंत्र त्या ओळखून हीटर चालू-बंद करी. लाखो घरांचं घड्याळ एकच झालं.

चाळीस वर्षांनी ती यंत्रणा म्हातारी झाली, सुटे भाग मिळेनात. ३० जून २०२५ पासून ती टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली. त्या सुमाराला साधारण तीन लाख घरं अजून तिच्यावरच होती. मीटर वेळेत बदलला नाही तर हीटर सतत चालू राहतील, किंवा लागणारच नाहीत, किंवा भलत्याच वेळी तापतील, असा इशारा लोकांना द्यावा लागला. म्हणून तिकडे ज्यांच्या घरी अजून असे मीटर असतील, त्या मुलींना आजच विचारा.

मुंबईची एकोणचाळीस मिनिटं

एका गावात दोन वेळा हे आपल्याला नवं नाही. १ जानेवारी १९०६ पासून भारताची एकच प्रमाणवेळ ठरली, पण मुंबईने ती सहजी मानली नाही. मुंबईची स्थानिक वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे होती. रेल्वे एका वेळेने आणि महानगरपालिकेची घड्याळं दुसऱ्या वेळेने, असं अनेक दशकं चाललं. वेळ सांगताना 'मुंबई टाइम की स्टँडर्ड?' असं विचारायची सवय जुन्या मुंबईकरांना होती.

तीच सवय आपल्यालाही आहे. चौविहारासाठी सूर्यास्ताची वेळ बघताना पत्रक कोणत्या गावाचं ते आपण आधी बघतो. नागपूरला सूर्य मुंबईच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी मावळतो, हे आपल्यातल्या लहान मुलीलाही माहीत असतं. विजेच्या दरपत्रकालाही हाच प्रश्न विचारायचा.

आपल्याकडे उन्हाळ्याला घड्याळ पुढे करत नाहीत, तेवढी एक कटकट नाही. शिवाय आपला स्वस्त वेळ रात्रीचा नाही, दिवसाचा आहे, कारण आता सूर्याची वीज दुपारी भरपूर असते. म्हणजे कपड्याचं मशीन, इस्त्री, पाण्याची मोटर आणि घरची चक्की रात्री लावण्याऐवजी दुपारी लावावी.

पण तीन गोष्टी करा. आपल्या दराचे तास नेमके कधी सुरू होतात आणि कधी संपतात ते कंपनीच्या दरपत्रकातून वहीत उतरवा, व्हॉट्सॅपवरून नको. मीटरच्या पडद्यावर तारीख आणि वेळ फिरून येते, ती फोनच्या घड्याळाशी ताडून बघा. आणि महिन्यातून एकदा दर बदलायच्या वेळेच्या जरा आधी आणि जरा नंतर पडद्याचा फोटो काढून ठेवा. दोन फोटोंत कोणता आकडा पुढे सरकला ते दिसतं. तफावत आढळली तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

आपण दुधाचा रतीब भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडतो आणि महिनाअखेर दूधवाल्याशी ताळा करतो. मीटरचाही तसाच करायचा.