असेंबल्ड : लॅमिंग्टन रोड ते जव्हार

२००० सालाच्या आसपास ज्यांच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला, त्यांच्याकडे दोन शब्द हमखास ऐकू यायचे : 'ब्रँडेड' आणि 'असेंबल्ड'. ब्रँडेड म्हणजे एचसीएल, झेनिथ नाहीतर कॉम्पॅकचा, खोक्यात बंद होऊन आलेला. असेंबल्ड म्हणजे ओळखीतल्या कुणीतरी सुटे भाग आणून जोडून दिलेला. ब्रँडेडवाले आधी कंपनीचं नाव सांगायचे, असेंबल्डवाले आधी किंमत. त्या किमतीत थोडा अभिमान असायचा आणि थोडा संकोचही.

आज त्याच कामाला 'पीसी बिल्ड' म्हणतात आणि त्यात संकोच उरलेला नाही. पहिला गेमिंग पीसी जोडायला निघालेली मुलं 'एवढ्या बजेटमध्ये काय बसेल?' असं विचारतात. हा प्रश्न मुळात विचारता येतो, यालाच एक इतिहास आहे. फोनच्या बाबतीत तो असा विचारता येत नाही. बारा हजारांचा घ्या नाहीतर वीस हजारांचा. आत काय असावं, कुठे काटकसर करावी आणि दोन वर्षांनी काय वाढवावं, हे कंपनी ठरवते. कॉम्प्युटरच्या बाबतीत ते आपण ठरवतो. हा हक्क कसा मिळाला आणि जव्हार-मोखाड्यासारख्या ठिकाणी त्याला काय किंमत आहे, ते इथे सांगायचं आहे.

पाच रिकाम्या खाचा

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला. कंपनीला घाई होती, त्यामुळे बहुतेक भाग बाहेरून घेतले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची. मदरबोर्डवर पाच खाचा ठेवल्या, म्हणजे ज्याला जे कार्ड हवं ते त्याने नंतर बसवावं. शिवाय यंत्राच्या सर्किटचे नकाशे असलेलं तांत्रिक पुस्तकही विकायला ठेवलं. दुसऱ्या कंपन्यांनी या यंत्रासाठी कार्डं बनवावीत, हा हेतू होता.

आयबीएमचं स्वतःचं असं त्यात फारसं नव्हतं. होता तो बायोस, म्हणजे यंत्र चालू होताना सगळ्यात आधी चालणारा छोटा प्रोग्राम. त्यावर कॉपीराइट होता. कॉम्पॅकने त्यावर कायदेशीर तोड काढली. एका गटाने बायोस नेमकं काय करतो ते तपासून लिहून काढलं. ज्यांनी मूळ कोड पाहिलाच नव्हता, अशा दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवा बायोस लिहिला. १९८२ च्या नोव्हेंबरात कॉम्पॅकने आपलं यंत्र जाहीर केलं. १९८४ पासून फिनिक्स ही कंपनी असाच बायोस इतर उत्पादकांना विकू लागली. मग तैवानमधले कारखाने मदरबोर्ड बनवू लागले. पीसी आता एका कंपनीचा माल राहिला नव्हता, त्याचा बाजार झाला होता.

भारतात मात्र १९७८ मध्येच आयबीएमने गाशा गुंडाळला होता. परकीय चलन नियमन कायद्यानुसार कंपनीतला परदेशी हिस्सा कमी करणं त्यांना मान्य नव्हतं. पुढची काही वर्षं परवाने आणि जकातीत गेली. नोव्हेंबर १९८४ च्या नव्या संगणक धोरणाने दार किलकिलं झालं, १९९१ नंतर ते आणखी उघडलं.

याच १९९१ मध्ये पुण्यात एक यंत्र तयार झालं, त्याची आठवण इथे काढायलाच हवी. भारताला हवा तो सुपरकॉम्प्युटर अमेरिका विकायला तयार नव्हती. म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली काम सुरू झालं. त्यांनी नवा प्रोसेसर घडवायचा हट्ट धरला नाही. इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर विकत मिळत होते. शेजारच्या प्रोसेसरशी बोलायची सोय त्यांच्यात मुळातच होती. असे ६४ प्रोसेसर जोडून 'परम ८०००' उभा राहिला. तयार यंत्र कुणी देईना, सुटे भाग मिळत होते, मग जोडायचं कसं ते शिकून घेतलं. माझ्या मते 'परम' हा महाराष्ट्रातला सगळ्यात नावाजलेला असेंबल्ड कॉम्प्युटर आहे.

कोटेशनचा कागद

सामान्य माणसाचं असेंबलिंग मात्र मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळ चालायचं. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे त्या रस्त्याचं कागदावरचं नाव. सगळे त्याला लॅमिंग्टन रोडच म्हणतात. रेडिओ आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या या बाजारात कॉम्प्युटरचे भागही आले. तिथे गाळ्यावर उभं राहिलं की कोटेशनचा कागद मिळायचा : प्रोसेसर, बोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, कॅबिनेट, मॉनिटर, आणि प्रत्येकापुढे आकडा. तो कागद घेऊन पुढच्या गाळ्यावर जायचं, तिथला कागद घ्यायचा आणि दोन्ही ताडून पाहायचे. मराठी मध्यमवर्गाने कॉम्प्युटरचं बजेट करायला या कागदांवरच शिकून घेतलं.

या कागदावरचे आकडे उतरायला मोठं कारण झालं ते जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान कराराचं. भारत त्यात १९९७ मध्ये सामील झाला आणि २००५ पर्यंत कॉम्प्युटरच्या बहुतेक भागांवरचं आयात शुल्क शून्यावर आलं. दुसरीकडे २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं, एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्याच्या गावांपर्यंत पोचले. सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागायचं, म्हणून आई-वडील खुशीने फी भरत. सर जरा बाहेर गेले की त्याच यंत्रांवर 'रोड रॅश' किंवा 'व्हाइस सिटी' सुरू होई. पुष्कळांची गेमिंगशी ओळख अशीच झाली.

खेळांनीच या यंत्राला पळवलं, हेही लक्षात घ्यायला हवं. पत्र टाइप करायला १९९३ चा कॉम्प्युटर पुरेसा होता, त्या डिसेंबरात आलेल्या 'डूम'ला मात्र नव्या ताकदीचं यंत्र लागे. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्सचं 'व्हूडू' कार्ड आलं, १९९९ मध्ये एनव्हीडियाचं 'जीफोर्स २५६'. एकाच वेळी हजारो ठिपक्यांचा हिशेब करायचा, तर पुष्कळ छोटे प्रोसेसर शेजारी शेजारी राबवायचे, हे ग्राफिक्स कार्डचं तत्त्व आहे. ही कल्पना 'परम'च्या नात्यातलीच. 'परम ८०००'चा वेग एक गिगाफ्लॉप होता. आजचं मधल्या किमतीचं गेमिंग कार्ड, त्याच्या पद्धतीच्या आकडेमोडीत, याच्या हजारो पट वेगाने चालतं.

जव्हारचं बजेट

आता डोंगर चढून जव्हारला येऊ. मुकणे संस्थानिकांची ही राजधानी १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली, पुढे ठाणे जिल्ह्यात राहिली आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. पुढचा तालुका मोखाडा, त्याच्यापुढे नाशिक जिल्हा. मध्य वैतरणा धरण मोखाड्याच्या हद्दीत, पाणी मुंबईला. पुण्यात 'परम' उभा राहिला, त्याच्या पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली आणि तालुक्याचं नाव राज्यभर पोचलं. आजही दिवाळीनंतर इथली पुष्कळ कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. इथे 'गेमिंग पीसी' हा शब्द उच्चारताना हे सगळं आसपास असतं.

माझा मामेभाऊ जव्हारजवळच्या एका पाड्यावर राहतो. घरी भात, नाचणी आणि मामीने लावलेला मोगरा. २०२४ मध्ये त्याची बारावी झाली आणि त्याने मला विचारलं, "दादा, चाळीस हजारांत गेमिंगचा पीसी होतो का?" यातले निम्म्याहून जास्त पैसे मोगऱ्याचे होते. मामांचा प्रश्न वेगळा होता. "खेळायला एवढे पैसे?"

मामांचा प्रश्न मला रास्त वाटला. त्या वर्षी राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. आमचा शेवटचा आकडा ४२,५०० वर गेला, म्हणजे १४३ दिवसांची मजुरी. केंद्राची हमी होती १०० दिवसांची. एवढा पैसा टाकायचा तर एकही भाग उगाच येता कामा नये. म्हणून आम्ही जुन्या पद्धतीने कोटेशनचा कागद केला.

पहिला निर्णय : ग्राफिक्स कार्ड आत्ता नाही. ग्राफिक्स पोटातच असलेला रायझन ५ ५६००जी घेतला, साधारण पावणेबारा हजार. हलके गेम, ब्लेंडर, प्रोग्रामिंग, सगळं त्यावर शिकता येतं. बोर्ड साडेसात हजारांचा, कार्डाची खाच मोकळी ठेवून. रॅम १६ जीबी, पण आठ-आठच्या दोन पट्ट्या, कारण असा प्रोसेसर ग्राफिक्ससाठीही तीच रॅम वापरतो आणि दोन पट्ट्या असल्या की वेग बराच वाढतो. बोर्डाला रॅमच्या खाचा दोनच होत्या, त्यामुळे पुढे रॅम वाढवायची सोय राहिली नाही. चार खाचांचा बोर्ड महाग होता, तेव्हा हे जाणूनबुजून सोडलं. ५०० जीबीची एसएसडी, बावीस इंची मॉनिटर, साधा कीबोर्ड-माउस.

दुसरा निर्णय एसएमपीएसचा. असेंबल्डच्या जमान्यात तो कॅबिनेटबरोबर फुकट यायचा आणि बऱ्याचदा तोच आधी जळायचा, जाताना बोर्डालाही घेऊन जायचा. आम्ही ५५० वॉटचा चांगला घेतला, चार हजारांचा. आजच्या यंत्राला एवढा लागत नाही, उद्याच्या कार्डाला लागेल. त्यासोबत ६०० व्हीएचा यूपीएस. पावसाळ्यात इथे झाड तारेवर पडलं की वीज जाते आणि परत येताना झटका देऊन येते. असा यूपीएस साधारण ३६० वॉट पेलतो. कार्ड आलं की तो बदलावा लागेल, हेही कागदावर लिहून ठेवलं. घरात अर्थिंग नीट आहे का ते वायरमनकडून आधी तपासून घेतलं.

तिसरा निर्णय अंतराचा. ऑनलाइन काही भाग थोडे स्वस्त होते. पण एखादा भाग बिघडला तर कुरिअरच्या भानगडीपेक्षा तो हातात घेऊन दुकानात जाता यावं, म्हणून नाशिकला पक्क्या बिलावर खरेदी केली. चारशे-पाचशे रुपये जास्त गेले असतील. सामान एसटीने आलं, त्र्यंबकवरून, तोरंगण घाट आणि मोखाडा करत. यंत्र जोडलं मामेभावानेच. मी व्हिडिओ कॉलवर होतो आणि मध्ये दोनदा रेंज गेली, तेव्हा त्याने बोर्डाचं पुस्तक वाचून पुढचं केलं.

कोणत्याच कोटेशनवर नसलेला एक खर्च आहे डाऊनलोडचा. दिवसाला दोन जीबीच्या पॅकवर ५० जीबीचा गेम उतरवायला २५ दिवस लागतात. म्हणून तो सुट्टीत नाशिकच्या मित्राकडे हार्ड डिस्क घेऊन जातो. लॅमिंग्टन रोडच्या काळात सीड्या फिरायच्या, इथे हार्ड डिस्क फिरते.

बजेट कोण ठरवतं

पहिल्यांदा पीसी जोडणाऱ्याला वाटतं, आकडे आपण घातले म्हणजे बजेट आपलं. त्यातला बराच भाग दूर कुठेतरी ठरतो. २०२०-२१ मध्ये क्रिप्टोच्या खाणकामामुळे आणि चिपच्या टंचाईमुळे ग्राफिक्स कार्डं आवाक्याबाहेर गेली. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटर्सनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव भडकले. डिसेंबरात मायक्रॉनने 'क्रुशल' या नावाने सामान्य ग्राहकांना रॅम विकायचा धंदाच आवरता घेत असल्याचं जाहीर केलं. आम्ही २०२४ मध्ये बत्तीसशेला घेतलेल्या रॅमची किंमत दुपटीच्या वर गेली. तोच कागद आज केला असता, तर चाळीस-बेचाळीस हजारांत बसला नसता.

मग ज्याला आता सुरुवात करायची आहे, त्याने काय करावं? सगळं एकदम घ्यायचा हट्ट सोडावा. आधी एसएमपीएस, बोर्ड आणि ग्राफिक्ससकट प्रोसेसर. वापरलेला मॉनिटर चालेल, वापरलेली रॅमही तपासून चालेल, वापरलेला एसएमपीएस नको. कार्ड पुढच्या हंगामात. शेतावरचा पैसा असाच हप्त्याहप्त्याने येतो आणि सुट्या भागांचं यंत्र त्या चालीने वाढू शकतं. बंद खोक्यातल्या यंत्राला ही सवड नसते.

मामांना आम्ही 'यातून नोकरी लागेल' असं काही सांगितलं नाही. तसं वचन देणं खोटं झालं असतं. मामेभाऊ त्यावर खेळतो. ब्लेंडरमध्ये त्याने आपल्या घराचं मॉडेल केलंय, कुडाच्या भिंती, कौलं, मागचा मोगरा. पाड्यावरची दोन मुलं शेजारी बसून बघतात, कधी कॅबिनेट उघडून रिकाम्या खाचेत काय बसतं म्हणून विचारतात. कार्डासाठी त्याने वेगळे पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली आहे. मागच्या उन्हाळ्यात त्यात मोगऱ्याचे दोन हजार मामांनी स्वतःहून घातले.