वाणी आणि कोश

भाषा म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर आपण बहुधा व्याकरणात शोधतो. परंतु एखाद्या समाजाने स्वतःच्या व इतरांच्या बोलीस कोणती नावे दिली, हे पाहिले असता त्याची भाषेविषयीची कल्पना अधिक स्पष्ट होते. या दृष्टीने बंगळूरनजीकच्या येलहंक्याचा इतिहास मराठीच्या अभ्यासकास उद्बोधक वाटेल.

चोळांच्या काळी या स्थळास 'इलैपाक्क' असे तमिळ वळणाचे नाव होते. पुढे होयसळांच्या अमदानीत 'येलहंका' रूढ झाले. येथील नाडप्रभू केंपेगौडा याने १५३७ मध्ये बंगळूरचा कोट उभारला. कन्नड मुलखाच्या या अधिपतीच्या नावावर 'गंगागौरीविलास' हे तेलुगू यक्षगान सांगितले जाते. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने रणदुल्लाखान व शहाजी यांच्या हाताखाली बंगळूर घेतले आणि ते शहाजीच्या जहागिरीत आले. मराठी राजसत्ता तेथे पोचली, ती अशा बहुभाषी भूमीवर.

जयराम पिंड्ये या कवीने शहाजीपुढे बारा नारळ ठेवले. आपणास बारा भाषांत काव्यरचना करता येते, असा त्याचा अर्थ. त्याच्या 'राधामाधवविलासचंपू'ची प्रत राजवाड्यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केली. तीत मराठीस 'प्राकृत' म्हटले आहे. गुर्जर, कर्नाटक, यावनी ही नावे प्रदेशावरून किंवा समाजावरून आलेली. एकच कवी बाराही भाषा वापरतो. भाषा ही येथे प्रसंगास व श्रोत्यास अनुसरून स्वीकारावयाची वाणी ठरते. 'भाषा' हा शब्दही 'भाष्', म्हणजे बोलणे, या धातूपासूनच सिद्ध झालेला आहे.

शहाजीचा कर्नाटकातील कारभारी नारो त्रिमल हणमंते. त्याचाच पुत्र रघुनाथ याच्याकडे शिवाजीमहाराजांनी 'राज्यव्यवहारकोश' सोपविला. राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणे, हा त्याचा हेतू. येथे भाषेची कल्पना पालटते. कोश म्हणजे भांडार. त्यातील परके नाणे काढून आपले घालता येते, असा विश्वास त्यामागे आहे. स्वतंत्र राज्यास स्वतःचा शब्द हवा, ही त्यातील आकांक्षा क्षुद्र मानता येणार नाही.

तथापि १६७४ मध्ये पेशव्यास 'प्रधान' म्हटले गेले, तरी पुढे हिंदुस्थानात गाजले ते 'पेशवा' हेच नाव. उलटपक्षी 'सेनापती' लोकांनी सहज पचविला. राजाज्ञा शब्द सुचवू शकते. तो टिकविण्याचे काम बोलणारे करतात. शिवाय कारभारी लेखनात फारसी शब्दांची गर्दी असताही क्रियापदे व विभक्ती मराठीच राहिल्या. म्हणजे भाषेचे अस्तित्व केवळ शब्दसंग्रहावर अवलंबून नव्हते.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर आपण भाषेस सीमेच्या परिभाषेत ओळखू लागलो. त्या ओळखीचे राजकीय मोल मोठे आहे. परंतु मराठीच्या पूर्वेतिहासात जयरामाचे बारा नारळही आहेत. परिभाषा घडविताना कोशकाराचा स्वाभिमान अवश्य बाळगावा. मात्र शब्दाचा अखेरचा निवाडा बोलणाऱ्यांवर सोपवावा, हेच या इतिहासाशी सुसंगत होईल.