घाम, सुगंध आणि लज्जा

आषाढी वारीसाठीं आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी वाल्ह्याचा मुक्काम आटोपून नीरेच्या तीरावर येते. तेथें माउलींच्या पादुकांना स्नान घडतें, आणि नदी ओलांडून सोहळा सातारा जिल्ह्यांत, लोणंदच्या तळावर पोहोंचतो. या सोहळ्याला १९ व्या शतकांत शिस्तबद्ध रूप देणारे हैबतबाबा याच जिल्ह्यांतील आरफळचे. दिवसभर चालून घामानें निथळलेल्या वारकऱ्याच्या कपाळीं बुक्का लावून त्याला उराशीं धरतांना येथें कोणी संकोचत नाहीं. घामाची लाज बाळगावी, ही कल्पना मग आली तरी कोठून?

देहाच्या दुर्गंधाची चिंता पूर्वजांना नव्हती असें मात्र नव्हे. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत गंधयुक्तीसाठीं स्वतंत्र अध्याय दिला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (११२६–११३८) यानें मानसोल्लासांत स्नान व विलेपन यांची गणना राजाच्या उपभोगांत केली. गंधवाद नांवाच्या ग्रंथाला तर जुनी मराठी टीका आहे. भांडारकर संस्थेंतील परशुराम कृष्ण गोडे यांनीं १९४५ च्या सुमारास तिच्याकडे अभ्यासकांचें लक्ष वेधलें. सामान्य घरांत दिवाळीचें उटणें आणि न्हाव्याच्या पेटींतील तुरटी होती. या परंपरेंत सुगंध हा स्नानानंतरचा आनंद होता. घाम लपविण्याची धडपड नव्हे.

शरीरशास्त्रहि याला दुजोरा देतें. घाम मुळांत जवळजवळ गंधहीन असतो. तो वाळतांना शरीर थंड करतो. काखेंतील विशिष्ट ग्रंथींचा स्राव त्वचेवरील जंतु विघटित करतात, तेव्हां दुर्गंध सुटतो. म्हणजे घाम आणि वास या दोन भिन्न गोष्टी आहेत.

अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें १८८८ मध्यें 'मम' नांवाचें दुर्गंधनाशक मलम निघालें. १९०३ मध्यें ॲल्युमिनियम क्लोराइडचें 'एव्हरड्राय' आलें. आपल्या तुरटींतहि ॲल्युमिनियमचाच क्षार असतो. शस्त्रक्रियेच्या वेळीं हात कोरडे राहावेत म्हणून एका शल्यविशारदानें तयार केलेला द्रव त्याच्या कन्येनें, एडना मर्फी हिनें, 'ओडोरोनो' या नांवानें विकावयास घेतला. परंतु खरा पालट १९१९ मध्यें झाला. 'लेडीज होम जर्नल'मधील त्याच्या जाहिरातीनें असें सुचविलें कीं, स्त्रीच्या काखेचा वास तिला स्वतःला कळत नाहीं, इतरांना मात्र कळतो. सुमारें दोनशें वाचकांनीं संतापून वर्गणी बंद केली. पण विक्री वर्षभरांत दुपटीहून अधिक झाली. विकली गेली ती केवळ बाटली नव्हे. तिच्यासोबत शंकाहि विकली गेली.

ती शंका आतां आपल्याहि घरांत पोहोंचली आहे. म्हणून निवड डोळसपणें करणें बरें. केवळ वास नको असेल त्यानें दुर्गंधनाशक घ्यावें; तें जंतूंची वाढ रोखतें किंवा वास झांकतें, घाम थांबवीत नाहीं. घामच कमी व्हावा असें वाटेल त्यानें घामरोधक घ्यावें. त्यांतील ॲल्युमिनियमचे क्षार घर्मनलिकांच्या तोंडाशीं तात्पुरता अडसर निर्माण करतात. रात्रीं घाम कमी असल्यानें तें झोंपण्यापूर्वीं, धुऊन पूर्ण कोरड्या केलेल्या काखेस लावल्यास अधिक उपयोगी पडतें. त्वचा सोललेली असल्यास किंवा आग होत असल्यास तें वर्ज्य करावें. विनाकारण अतिशय घाम येत असेल तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. नुसतें अत्तर न धुतलेल्या अंगावर फांसल्यानें कांहींच साधत नाहीं.

स्वच्छता ही शेजाऱ्याविषयींची सभ्यता आहे आणि ती पाळावीच. पण रोजच्या श्रमानें भिजलेल्या माणसाला त्या घामासाठीं हीन लेखणें, ही सभ्यता नव्हे. पहिली गोष्ट पाणी, साबण आणि योग्य औषधानें साधते. दुसरी मनांतून धुऊन काढावी लागते.