आवाज कुणाचा?

गेली पाच-सहा वर्षं आमच्याकडे रात्री दहानंतर एक पिठाची गिरणी सुरू व्हायची. गिरणी म्हणजे आमच्या चिरंजीवांचा असेंबल्ड कॉम्प्युटर. तो हॉलमध्ये, आणि त्याच हॉलमध्ये दिवाणावर बाबा झोपतात. (वन बीएचकेमध्ये 'आजोबांची खोली' ही कविकल्पना आहे!) मागच्या वर्षी बाबा मोठ्या आजारातून उठले आणि त्यांची झोप अगदी सावध झाली. गेम रंगात आला की पंखे घोंघावायचे आणि बाबा कूस बदलायचे. "अरे, बंद कर ती गिरणी!" नातू हेडफोन लावून बसलेला, त्याला ना गिरणी ऐकू येई ना आजोबा. एकदा बाबांनी उठून भिंतीवरचं बटणच बंद केलं. मग दोन दिवस दोघांचा अबोला.

शेवटी मीच मनावर घेतलं. लहान, शांत आणि खिशाला परवडेल असा डबा बांधायचा. पण आपली खोड अशी, की स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी इतिहासात शिरायचं. असो.

तर मंडळी, आवाज कॉम्प्युटरचा नसतोच, तो उष्णतेचा असतो. १९८१च्या आयबीएम पीसीचा पॉवर सप्लाय होता ६३.५ वॅटचा. म्हणजे आपल्या जुन्या पिवळ्या बल्बएवढा. पुढे १९९५ साली इंटेलने एटीएक्स हे माप ठरवलं: ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा मदरबोर्ड आणि शेजारी कार्डांसाठी खाचांची रांग. मोडेमचं कार्ड, साउंड कार्ड, नेटवर्क कार्ड... सगळी बिऱ्हाडं तिथे. कालांतराने हे सगळं मदरबोर्डवरच आलं. भाडेकरू गेले, पण वाडा तेवढाच राहिला! टेबलाखालचं ते भलंमोठं कॅबिनेट पुष्कळसं रिकामं का असतं, त्याचं उत्तर हे.

वाडा लहान करायचे प्रयत्न झाले. ॲपलने २००० साली जी-४ क्यूब काढला. आठ इंची ठोकळा, आत पंखा नाही, पॉवर सप्लाय बाहेर. गरम हवा मधल्या उभ्या पोकळीतून आपोआप वर जायची. देखणा होता, पण किंमत १,७९९ डॉलर! जुलै २००१मध्ये गाशा गुंडाळला. त्याच सुमारास तैवानच्या व्हाया कंपनीने १७० मिलिमीटर चौरस मिनी-आयटीएक्स बोर्ड आणला. तो शांत होता, पण त्यांचा प्रोसेसर गेमच्या कामाचा नव्हता. मग तैवानच्याच शटलने २००१मध्ये ब्रेडच्या डब्यासारखं कॅबिनेट काढलं आणि पुढच्याच वर्षी त्यात ग्राफिक्स कार्डाची जागा आणि उष्णता वाहून नेणारी हीट-पाईपही दिली. गेम खेळता येणारा लहान डबा म्हणतात तो खऱ्या अर्थाने इथून सुरू झाला.

पण शांत? छे. इथे भौतिकशास्त्र आडवं येतं. पंख्याचा वेग निम्मा केला तर आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. म्हणून मोठा पंखा हळू फिरवणं केव्हाही चांगलं. लहान डब्यात मोठा पंखा मावत नाही, आणि लहान पंख्याला तेवढीच हवा ढकलायला गरगर फिरावं लागतं. म्हणजे 'लहान' आणि 'शांत' ही मुळात एकमेकांची सवतच.

त्यात तो काळ गिगाहर्ट्झच्या शर्यतीचा. २००३मध्ये एनव्हिडियाच्या जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा या कार्डाचा पंखा इतका कर्कश होता, की कंपनीने स्वतःचीच टिंगल करणारा व्हिडिओ काढला. फेब्रुवारी २००४मध्ये नवा पेंटियम-४ आला तो शंभर वॅटच्या वर गेला. त्याच्या पुढची चिप, नाव 'तेजस' (हो, आपलाच शब्द!), इंटेलने त्याच मे महिन्यात रद्द केली. ४ गिगाहर्ट्झचं आश्वासनही ऑक्टोबरमध्ये मागे घेतलं, आणि इंटेलचे तेव्हाचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेत व्यासपीठावर चक्क गुडघे टेकून माफी मागितली.

सुटका आली ती लॅपटॉपकडून. इस्रायलमधल्या हैफाच्या चमूने बॅटरी वाचवण्यासाठी पेंटियम-एम बनवला होता, त्याच वंशात २००६चा कोअर-२ ड्युओ आला. वेगाने पेंटियम-४च्या पुढे आणि आकडा ६५ वॅट. माझं मत विचाराल तर शांत डब्याच्या इतिहासात सगळ्यात मोठं काम पंखेवाल्यांनी नाही, या हैफावाल्यांनी केलं. नंतरचे एनकेस एम-१ (साडेबारा लिटरच्या आसपास) किंवा २०१६चा ७.२ लिटरचा डॅन ए-४ हे डबे हौशी लोकांनी वर्गणी गोळा करून घडवले. सुंदर आहेत, पण किमती बघून मी पान बंद केलं.

आमचा डबा ॲसरॉकचा डेस्कमिनी एक्स-३००, २०२०चं मॉडेल. मित्राच्या ऑफिसातून निघालेला, म्हणून स्वस्तात मिळाला. दोन लिटरहूनही कमी, मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवला तर धाकटा भाऊ वाटेल. त्यात रायझन ५६००जी, तोही ६५ वॅटचाच, पण आता सहा कोअर आणि ग्राफिक्ससकट. बायोसमध्ये त्याला ४५ वॅटवर बसवला. पॉवर सप्लाय बाहेर, थेट क्यूबसारखा! पैसे एकाच जागी सैल सोडले: नॉक्टुआचा ३७ मिलिमीटर उंचीचा कूलर. मॉनिटर आणि कीबोर्ड जुनेच.

ग्राफिक्स कार्ड यात बसतच नाही. त्यामुळे नवे भारी गेम चित्राची प्रत बरीच उतरवून खेळावे लागतात. चिरंजीवांनी आठवडाभर तोंड फुगवलं, मग जुन्या गेममध्ये रमले.

आणि बाबा? पहिल्या रात्री गाढ झोपले. दुसऱ्याही. तिसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, "गिरणी होती तेव्हा निदान कळायचं तरी, हा किती वाजेपर्यंत जागा आहे ते. आता मला उठून बघावं लागतं."